तपकिरी पट्टे आणि उभे कडे

प्रश्न : अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून ग्रँड कॅनियनचा ‘ब्राइट एंजल’ हा जुना स्थलदर्शक नकाशा आम्ही उतरवून घेतला आणि ठाण्यात मोठ्या कागदावर छापून आणला. कोलोरॅडो नदीच्या दोन्ही अंगांना समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) एकमेकींत मिसळून तपकिरी पट्टे दिसतात. हा छपाईचा दोष आहे का? – एक वाचक, कळवा

उत्तर : दोष नाही, त्या पट्ट्यांतच या नकाशाचे खरे मोल आहे. त्या संस्थेचे सर्वेक्षक फ्रान्स्वा मॅथीस यांनी १९०२ पासून केलेल्या सर्वेक्षणावरून तो १:४८,००० या प्रमाणावर काढला असून दोन लगतच्या समोच्च रेषांमधील उंचीचे अंतर ५० फूट आहे. या घळईतील रेडवॉल चुनखडकाची भिंत सुमारे ५०० फूट जवळजवळ सरळ उभी आहे. त्यामुळे तिच्या दहा रेषा कागदावर एकमेकींना खेटून येतात आणि पट्टा तयार होतो. तिच्या खालचा शेल खडक मऊ, म्हणून तेथे झीज होऊन उतार सौम्य झाला आहे आणि रेषाही सुट्या होतात; नकाशात त्या भागाला टोंटो मंच म्हणतात. पुढे नदीलगतच्या कठीण, प्राचीन शिस्ट खडकात त्या पुन्हा दाटतात. खडकाचा कठीणपणा रेषांच्या दाटीवरून असा वाचता येतो, आणि हे काम विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधाराशिवाय, कड्यावर प्लेन टेबल (तिपाईवर बसवलेला, नकाशा जागेवरच काढण्याचा सपाट फळा) मांडून, समोरचा प्रदेश पाहत केलेले आहे, हे ध्यानात घेतले की त्या हाताविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

नकाशात शिवा, ब्रह्मा ही नावेही आपल्याला आढळतील. शिखरांना पौर्वात्य देवतांची नावे देण्याचा अमेरिकी भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांचा प्रघात मॅथीस यांनी पुढे चालवला.

आपण नकाशा मोठा करून छापला असल्यास १:४८,००० हे प्रमाण आता त्या कागदाला लागू नाही, म्हणून अंतरे समासातील रेषाप्रमाणावरूनच (मैलांच्या खुणा असलेल्या छापील पट्टीवरूनच) मोजावीत. भिंगाखाली जाड रेषेवरील उंचीचा आकडा शोधून दक्षिण कड्यापासून नदीपर्यंत उतरत जावे. ही उतरण साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे नव्वद रेषांची आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा पत्रक शेजारी ठेवल्यास, प्रमाण जवळपास सारखेच असल्याने, कळव्याजवळच्या पारसिकच्या डोंगराशी तुलना करता येईल. मात्र तेथे रेषांमधील उंचीचे अंतर मीटरमध्ये असते, तेवढे रूपांतर आधी करून घ्यावे.