सिव्हिलायझेशन ६ या संगणकावरच्या खेळात शेजारी जमीन बळकावत सुटला असेल तर आधी सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) काढावेत की सैन्य?

तुम्ही लिहिलंय की डेइटी या सर्वांत कठीण पातळीवर चाळिसाव्या टर्नला (फेरीला) तुमची दोन शहरं असतात, शेजाऱ्याची पाच झालेली असतात आणि मधली चांगली जमीन त्याच्या रंगात गेलेली असते. यावरून तुमचा खेळ संथ आहे असं समजू नका. डेइटीला संगणकाचा प्रत्येक खेळाडू तीन सेटलर घेऊन उतरतो आणि आपण एक. वर लढाईत त्याच्या प्रत्येक युनिटला (तुकडीला) ४ गुण जास्तीचे. त्यामुळे पहिल्या पन्नास टर्नमध्ये शहरांच्या संख्येत त्याला गाठायचा हट्ट मी सोडून दिलाय. आपल्या हातात राहतं ते एवढंच, की कुठलं शहर आधी वसवायचं.

बहुतेक जण दुसरं शहर राजधानीला लागून, नकाशावरच्या सगळ्यात सुपीक जागी वसवतात. माझं म्हणणं उलट आहे. दुसरं शहर शेजाऱ्याच्या दिशेने टाका. पाठीमागची जमीन कुठे पळून जात नाही, मधली मात्र जाते.

माझ्या एका डावात राजधानी किनाऱ्यावर होती. पूर्वेला डोंगररांग, तिच्यात जेमतेम दोन टाइल (नकाशावरची घरं) रुंदीची खिंड आणि पलीकडे शेजारी. पाठीमागे नदीकाठी गहू, घोडे, सगळं छान. खिंडीच्या तोंडाशी मात्र नुसती टेकडी, गोडं पाणी नाही. बिनपाण्याच्या शहराला सुरुवातीला हाउसिंग (किती लोक राहू शकतील ती मर्यादा) फक्त २ मिळतं, नदीकाठी ५ मिळतं, म्हणजे ते शहर रखडणार हे दिसतच होतं. तरी मी पहिला सेटलर तिथेच नेला. एका टाइलवर शहर, दुसरीवर वॉरियर (साधं पायदळ) उभा. थोड्याच टर्नांत शेजाऱ्याचा सेटलर एका वॉरियरला सोबत घेऊन आला, दोन टर्न खिंडीसमोर थांबला आणि परत फिरला. पुढे अर्ली एम्पायर हे सिव्हिक (संस्कृतीतून मिळणारी प्रगतीची पायरी) झालं, माझ्या सीमा बंद झाल्या आणि तो रस्ता कायमचा मिटला. नदीकाठची तीन शहरं मी नंतर सावकाश वसवली, कुणीही आडवं आलं नाही.

यामागचे नियम साधे आहेत. दोन शहरांच्या मध्ये किमान तीन टाइल मोकळ्या लागतात. म्हणजे तुमचं शहर नुसतं उभं राहिलं तरी आसपासच्या तीन टाइलपर्यंत दुसऱ्या कुणालाच वसता येत नाही, सीमा तिथवर पोचलेली असो वा नसो. खिंड, दोन सरोवरांमधली चिंचोळी पट्टी, डोंगर आणि समुद्र यांच्यातलं अंतर अशा जागा स्काउटला (टेहळणी तुकडीला) पहिल्या दहा टर्नमध्ये शोधायला लावा. गावं लुटण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे.

फक्त अशी पाचर मारताना, म्हणजे शेजाऱ्याच्या वाटेत शहर वसवताना, फार आत घुसू नका. राइज अँड फॉल किंवा गॅदरिंग स्टॉर्म हे खेळाचे विस्तार घालून खेळत असाल तर लॉयल्टी (शहराची निष्ठा) आडवी येते. प्रत्येक शहराचे नागरिक नऊ टाइलपर्यंत दाब टाकतात आणि दर टाइलमागे तो दहा टक्क्यांनी घटतो. उदाहरणार्थ, सहा लोकवस्तीचं साधं शहर पाच टाइल लांब असेल तर त्याचा दाब निम्म्यावर येतो, म्हणजे तीन. तुमच्या बाजूचा आणि त्याच्या बाजूचा असा हिशेब सेटलर हलवण्याआधी मनातल्या मनात करून बघा. मी साधारण मध्यरेषेवर किंवा एक टाइल अलीकडे थांबते. अगदीच घासाघीस होणार असेल तर तिथे गव्हर्नर नेमा, त्याची दर टर्नला ८ लॉयल्टी मिळते. शहरात एक युनिट ठेवून लिमिटानेई हे धोरणाचं कार्ड लावलं तर आणखी २.

ते कार्डही अर्ली एम्पायरमधूनच येतं, आणि सेटलरवर ५० टक्के जास्त प्रॉडक्शन (उत्पादन) देणारं कॉलनायझेशनसुद्धा. म्हणून हे सिव्हिक मी शक्य तितक्या लवकर गाठते. त्याचं इन्स्पिरेशन (सिव्हिक लवकर मिळवून देणारी सवलत) एकूण लोकवस्ती सहा झाली की मिळतं. राजधानीची वाढ सुरुवातीलाच मारून सेटलरमागून सेटलर काढलेत तर हे लांबतं, कारण प्रत्येक सेटलर एक लोकवस्ती खातो. पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनला पडतो आणि पुढचा प्रत्येक ३० नी महाग होतो. तेव्हा पाचरीचा एक सेटलर कार्डाची वाट न बघता काढायचा आणि पाठीमागच्या जमिनीसाठीचे सगळे कार्ड लावून. स्काउट, स्लिंगर (गोफणवाला), सेटलर, पुन्हा स्लिंगर, ही माझी ठरलेली सुरुवात.

आता सैन्याचं. शेजाऱ्याची राजधानी तुमच्यापासून दहाएक टाइलवर निघाली तर मधे वसण्यासारखं काही उरतच नाही. अशा वेळी मी दुसरा सेटलर रद्द करते. स्लिंगरने एखादा रानटी टोळीवाला टिपून आर्चरी या तंत्रज्ञानाचं युरेका (संशोधनातली सवलत) मिळवायचं, क्राफ्ट्समनशिप या सिव्हिकमधून सैन्य लवकर तयार करणारं अगोगे कार्ड घ्यायचं आणि चार आर्चर (धनुर्धारी), दोन वॉरियर घेऊन त्याच्या सीमेवरच्या शहराकडे निघायचं. तटबंदी नसलेलं शहर उलट बाण मारू शकत नाही. वॉरियर आजूबाजूला असे उभे करा की शहराला पूर्ण वेढा बसेल. वेढ्यातलं शहर स्वतःला बरं करू शकत नाही आणि आर्चरचं काम दोन-तीन टर्नांनी कमी होतं. तटबंदी उभी राहिलेली दिसली तर मात्र आर्चर तिथे वाया घालवू नका, सरळ मागे फिरा.

आणखी एक. संगणक पुष्कळदा सेटलर एकटाच पाठवतो. युद्ध पुकारून वॉरियर त्याच्यावर नेला की तो सेटलर तुमचा होतो. पण तीन-चार आर्चर घरी तयार असतील तरच हे करा, कारण त्यानंतर त्याचे वॉरियर येणारच. ज्याच्याशी लढायचं नाही त्याच्याकडे ओळख झाली त्याच टर्नला २५ सोन्याचं शिष्टमंडळ पाठवा. नंतर मैत्रीचा करार झाला तर त्या बाजूला तीस टर्न शांतता मिळते.

तुमच्या चालू डावात पाचरीची वेळ गेली आहे, तो आत येऊन बसलाय. तरी त्या पाच शहरांपैकी तुमच्या सर्वांत जवळचं आणि सर्वांत नवं कुठलं ते बघा. त्याची लोकवस्ती एक किंवा दोन असेल, तटबंदी नसेल. तिसरा सेटलर थांबवा आणि त्याऐवजी चार आर्चर काढा.