पुष्पप्रदर्शनाच्या दिवशी आईनं दोन पावलं मागं राहावं

मेलबर्नहून एका आईनं लिहिलंय. डिसेंबरात तीन आठवडे सगळे कोल्हापूरला येणार आहेत आणि सासूबाईंनी आत्ताच ठरवून टाकलंय, नातवंडांना पुष्पप्रदर्शनाला न्यायचं. ‘मुलांना मराठी समजतं, पण बोलत नाहीत. नऊ वर्षांची लेक तर आजीसमोर तोंडच उघडत नाही. फुलं बघून दोघं कंटाळली तर सासूबाई हिरमुसतील. काय करू?’

ताई, जरूर जा. फक्त त्या दिवशी दुसरा बेत ठेवू नका. माझ्या भावाची मुलं आली होती तेव्हा आम्ही एकाच दिवसात पन्हाळा, प्रदर्शन आणि रंकाळा उरकला. धाकटा गुलाबांच्या टेबलाशीच खांद्यावर झोपला. माझ्या आईनं नातवासाठी केवढं बोलायचं ठरवलं होतं! ते राहूनच गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडचं गार्डन्स क्लबचं प्रदर्शन हिवाळ्यात भरतं. तारखा पेपरात आल्या की सासूबाईंकडून कळवून घ्या. पहिल्याच दिवशी जा, आत सोडायला लागले की लगेच. बाटल्यांतले गुलाब, डेलिया, शेवंती तेव्हा ताठ असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पाकळ्या माना टाकतात. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर घडीची खुर्ची बरोबर असू दे.

आता मुख्य गोष्ट. आजी काही सांगायला लागल्या की तुम्ही मध्ये इंग्रजी करून सांगू नका. तुम्ही सांगितलंत की मुलगी तुमच्याकडे बघते आणि आजीचं वाक्य अर्धं राहतं. दोन पावलं मागं राहा. नाही कळलं तर आजी बोट दाखवतील, हुंगायला देतील, मनगटावर पाकळी ठेवतील. शेवंतीचं डोकं तळव्यावर तोलून आजी ‘बघ, केवढी भरलीय’ म्हणतात, तेव्हा भाषांतर कशाला लागतं?

मुलीला एक काम द्या: फुलांवरून नाव पडलेले रंग गोळा करायचे. गुलाबी, गुलबक्षी, अबोली. अबोलीच्या वेणीवर बोट ठेवून हा रंग इंग्रजीत काय म्हणतात हे आजीच तिला विचारू देत. तिलाही चटकन सांगता येणार नाही. अबोली म्हणजे न बोलणारी, हेही आजीच सांगतील. मात्र ‘तुझ्यासारखीच’ असं कुणी म्हणू नये, हे घरातून निघतानाच सगळ्यांना बजावून ठेवा. मुलं अशा शब्दानं फार दुखावतात आणि मग आणखीच मिटतात.

बोन्साय आणि पुष्परचना धाकट्यासाठी भराभर बघितल्या तरी चालतील. भूक लागली की मिसळ खा, मुलांसाठी कट वेगळा मागा.

तारखा जुळल्या नाहीत तर टाऊन हॉलच्या बागेत जा. मोठी जुनी झाडं आहेत, आवारातच वस्तुसंग्रहालय आहे. शिवाजी विद्यापीठाची वनस्पती बागही दाखवण्यासारखी, आधी चौकशी करून जा. कधी पावसाळ्यात आलात तर कंदीलपुष्पाबद्दल विचारा. विद्यापीठातल्या संशोधकांनी या दुर्मिळ वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलंय. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. माशी आत शिरते पण बाहेर येता येत नाही. केस सुकले की सुटते आणि पराग घेऊन जाते. मुलं हे ऐकताना डोळे मिटत नाहीत.

एक ध्यानात ठेवा. स्टॉलवरची रोपं, बिया परत नेण्याचा विचार नको. ऑस्ट्रेलियाचे नियम कडक आहेत. वहीत दाबलेलं फूलसुद्धा विमानतळावर जाहीर करावं लागतं, लपवलं तर दंड होतो. त्यापेक्षा मुलीच्या हातात पैसे द्या आणि मोगऱ्याचं एक रोप तिला निवडू द्या. घरी आल्यावर आजीच्या अंगणातल्या कुंडीत तिनंच लावायचं, माती तिनंच दाबायची. कुंडीवर तिचं नाव मराठीत लिहा. परत गेल्यावर रविवारच्या फोनवर तिला आजीला विचारायचं असेल, ‘कळी आली का?’ हे तीन शब्द तिला निघण्याआधी येतीलच.