‘आजी नाझी आहे का?’

मावशी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑगस्टमध्ये बर्लिनला आलो. पहिल्याच रविवारी सगळी दुकानं बंद, घरात दूधसुद्धा नाही, म्हणून उगाच फिरायला निघालो. ब्रांडेनबुर्ग गेटजवळ करड्या ठोकळ्यांचं मोठं मैदान दिसलं. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्यात लपाछपी खेळला, एका ठोकळ्यावर चढला. मी फोटो काढून ‘आमचा बर्लिनकर’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. एका गृहस्थांनी त्याला खाली उतरायला लावलं, तेव्हा मला रागच आला होता. ते नाझींनी मारलेल्या ज्यूंचं स्मारक आहे हे नंतर कळलं.

दिवाळीत सासूबाईंनी अलिबागहून पाठवलेलं स्वस्तिकाचं स्टिकर दारावर लावलं. मुलाचा वर्गमित्र खेळायला आला आणि ते बघून दारातूनच परत गेला. दुसऱ्या दिवशी मुलानं शाळेतून आल्या आल्या स्टिकर फाडलं, रांगोळी पायानं पुसली आणि सासूबाई व्हिडिओ कॉलवर असतानाच विचारलं, ‘आजी नाझी आहे का?’ मी त्याच्या कानाखाली दिली. सासूबाई तेव्हापासून बोलत नाहीत. नवरा म्हणतो, कटकट नको, सगळं काढून टाक. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई आता माझ्या ‘हालो’ला उत्तरही देत नाहीत. काय करू?
— बर्लिनहून एक आई

प्रिय मैत्रिणी,

आधी कानाखालीचं बघू. त्याची माफी माग, आज रात्रीच. जर्मनीत २००० सालापासून मुलांना मारहाणीशिवाय वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण कायदा राहू दे बाजूला. त्यानं प्रश्न विचारला होता. भयंकर शब्दांत विचारला, चुकीच्या वेळी विचारला, पण तो प्रश्नच होता, आणि त्याचं उत्तर त्याला अजून कुणी दिलेलं नाही.

त्या रविवारबद्दल मात्र स्वतःला फार टोचत बसू नकोस. तिथे २,७११ ठोकळे आहेत आणि एकावरही नाव नाही, तारीख नाही. नव्या माणसाला कसं कळावं? ज्यांनी त्याचा आराखडा केला त्या वास्तुविशारद पीटर आयझेनमन यांनीच २००५ मध्ये सांगितलं होतं की लोक इथे डबे खातील, पोरं पकडापकडी खेळतील. ठोकळ्यांवर चढायला, उड्या मारायला मनाई आहे, त्यामुळे ते गृहस्थही बरोबरच होते. तुला राग आला कारण परक्या गावात आपल्या लेकराला कुणी दटावलं की आपणच दटावल्यासारखं वाटतं. नव्या देशातल्या पहिल्या महिन्यांत कातडी फार पातळ असते गं. मिक्सर लावला तरी शेजारी काय म्हणतील म्हणून जीव धास्तावलेला असतो.

पुन्हा जा. एकटी जा, कामाच्या दिवशी सकाळी. मैदानाखाली तळघरात माहिती केंद्र आहे, तिथल्या नावांच्या खोलीत बस. मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं आणि दोन-चार ओळींत त्यांचं आयुष्य तिथे एकामागून एक वाचलं जातं. साठ लाख जणांचं असं वाचायचं तर सहा वर्षं सात महिने लागतील. मुलाला इतक्यात नेऊ नकोस. तू ऐकून आलीस की त्याच्याशी बोलताना तुझा आवाजच वेगळा लागेल.

आता स्वस्तिक. मोबाइलवर फिरणारं ते उत्तर तुझ्याकडेही आलं असेल, ‘आपलं सरळ, त्यांचं तिरकं’. ते विसर. हात दोन्हींचे उजवीकडेच वळतात, आणि जिन्यातल्या अंधुक उजेडात चार ठिपके कोण मोजत बसतं? आपलं चिन्ह हजारो वर्षं जुनं आहे हे खरं, सासूबाईंचं मन निर्मळ आहे हेही खरं. पण जर्मन माणूस त्या आकृतीला स्वस्तिक म्हणत नाही. त्याच्या भाषेत ते हाकेनक्रॉइत्स, म्हणजे हुकासारख्या वळलेल्या हातांचा क्रूस. नाझींचं ते चिन्ह जाहीर मिरवलं तर तिथे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धार्मिक स्वस्तिकाची गोष्ट वेगळी, पण ते वेगळेपण त्या वर्गमित्राला दारात उभं राहून कसं कळणार होतं? तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंना तरी कसं कळावं?

म्हणून माझं मत सरळ आहे. दाराबाहेर नको, देवघरात असू दे. बाहेरचं दार आपलं असलं तरी जिना सगळ्यांचा असतो. ‘सगळं काढून टाक’ या नवऱ्याच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. कलशावरचं स्वस्तिक पुसलंस तर आपल्या घरात खरंच काहीतरी लपवण्यासारखं आहे, असंच पोराला वाटेल. त्याला जवळ घेऊन सांग, की एकच खूण आजीच्या हातात शुभ होती आणि दुसऱ्या कुणी ती झेंड्यावर घेऊन माणसं मारली. दोन्ही खरं आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं, मोठ्यांनाच जड जातं.

सासूबाई अलिबागच्या आहेत हे वाचून मला हायसं वाटलं. त्यांना इस्रायल आळी माहीत नसेल असं होणारच नाही! कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. पेणकर, अष्टमकर अशी आपल्यासारखीच आडनावं, घरात मराठी. आमच्या पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे, माझ्या वर्गात त्यांच्यातली एक मुलगी होती. तिच्याकडचा मलिदा, म्हणजे गूळ-खोबऱ्यातले गोड पोहे, मी किती वेळा खाल्लाय. तर फोन तू कर, नवऱ्यावर ढकलू नकोस, आणि ‘इथल्या लोकांना आपला धर्म कळत नाही’ अशी सुरुवात तर मुळीच करू नकोस. सांग की आई, आपल्या इस्रायल आळीतल्यांसारख्या माणसांना इथे घराघरातून उचलून नेलं आणि नेणाऱ्यांच्या दंडावर ही खूण होती. पोरानं ते ऐकलं आणि घाबरला. त्या बाईंना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळेल, बघ. नातवाच्या तोंडून ते ऐकताना काय वाटलं, हे त्यांना कुणी विचारलंय का? ते आधी विचार.

आणखी एक. बर्लिनच्या फुटपाथवर, जुन्या घरांच्या दारासमोर, तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले असतात. वर लिहिलेलं असतं ‘हिअर वोन्टे’, म्हणजे इथे राहत होते, आणि खाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकारानं सुरू केलेलं हे काम, आता युरोपभर असे लाखाच्या वर दगड आहेत. तुमच्या इमारतीसमोर नसले तर आसपास कुठेतरी बहुधा सापडतील. पितळ काळवंडतं, म्हणून ९ नोव्हेंबरला शेजारपाजारचे लोक ते घासतात, मेणबत्ती लावतात. १९३८ मध्ये त्याच रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली होती.

देवाची भांडी घासायला तू सामानात पितांबरी नेली असशीलच, सगळ्याच नेतात. या ९ तारखेला मुलाला घेऊन खाली उतर. मऊ फडकं घे, तारेची घासणी नको. पितळ कसं उजळतं हे आपल्या घरातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. आजीबाईंना दाखवायला म्हणून जाऊ नकोस. त्या दिसल्याच तर ‘हालो’ म्हण, आणि जर्मन येत नसलं तरी दाराबद्दल सॉरी म्हण. नाही बोलल्या तर नाही बोलल्या.

ग्रुपवरचा फोटो तसाच राहू दे. त्याच्याखाली ते ठिकाण कोणतं आहे, एवढं फक्त लिही.

तुझी,
मावशी