भाडं दोन हजारांनी कमी, पण करार नोंदवायचा नाही: हे घर घ्यावं का?

पुण्यातल्या एकाच फ्लॅटसाठी मालकांनी तुमच्यापुढे दोन पर्याय ठेवलेत. भाडं २२,०००, डिपॉझिट एक लाख आणि रजिस्टर करार. नाहीतर भाडं २०,०००, डिपॉझिट तीन लाख आणि स्टॅम्प पेपरवर नुसती नोटरी. दुसरा घेऊन वाचलेले पैसे एसआयपीत (म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात) टाकू का, असं तुम्ही विचारलंय. मी तरी नको म्हणेन.

आधी हिशेब पाहू. अकरा महिन्यांत भाड्याचे २२,००० वाचतात खरे, पण जादाचे दोन लाख मालकांकडे बिनव्याजी पडून राहतात. एफडीचे ७ टक्के धरले तरी त्यावरचे साधारण १२,८०० गेले. उरले ९,२००. नोंदणीचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे तुमचे साधारण ६३० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. एजंटची फी सोडली, तर हा खर्च वाचला असं धरूनही सगळा फायदा अकरा हजारांच्या आत. तेवढ्यासाठी तीन लाख कच्च्या कागदावर द्यायचे?

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?’ हे आपल्या राज्यात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर ते खोटं ठरत नाही. कायदा तुमच्या बाजूने झुकतो, हे खरं. पण तो वापरायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि नोकरी सांभाळून ते किती जमेल, हे तुम्हीच ठरवा.

दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेताच येत नाही, असंही कुणी सांगेल. ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यातली. राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. म्हणून रकमेची घासाघीस तुम्हालाच करायची आहे. भाडं २१,५००, डिपॉझिट एक लाख, नोंदणीचा सगळा खर्च मी करतो, असं मालकांना सांगून बघा. ई-नोंदणी घरी बसून, आधारवर अंगठा देऊन होते. तरीही ते नाहीच म्हणाले, तर दुसरं घर बघा. जुन्या कर प्रणालीत एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची करसवलत, घेत असाल, तर वर्षाचं भाडं लाखावर गेल्यावर मालकांचा पॅन लागतो. तो देतील का, हेही आत्ताच विचारा.

डिपॉझिट बँकेतूनच द्या. चावी घ्याल त्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंतींवरची ओल, बाथरूमचे नळ यांचे फोटो काढून लगेच मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करा. माझ्या एका क्लायंटचे रंगकामाच्या नावाखाली कापलेले ३०,००० अशाच फोटोंमुळे परत मिळाले. आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी नव्या कराराचं बोला. करार संपूनही तसेच राहिलात, तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते.