‘दंडयुक्त सर्पिल’मधला दंड कोणता?

प्रश्न असा आहे: आपली आकाशगंगा ‘दंडयुक्त सर्पिल दीर्घिका’ (बार्ड स्पायरल गॅलेक्सी; दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अवाढव्य समूह) आहे असे वाचनात आले, दंड म्हणजे हात, आणि सर्पिल दीर्घिकांना भुजा तर असतातच, मग ‘दंडयुक्त’ने वेगळे काय सांगितले? शिवाय दीर्घिकांच्या दुसऱ्या एका प्रकाराला (इलिप्टिकल) ‘लंबवर्तुळाकार’ म्हणावे की सुटसुटीत ‘लंबगोल’?

पहिली शंका रास्त आहे आणि तिचे मूळ खगोलशास्त्रात नसून मराठीत आहे. संस्कृतातला दंड म्हणजे काठी. मराठीने तो अर्थ ठेवलाच, शिवाय खांद्यापासून कोपरापर्यंतच्या हातालाही दंड म्हटले. पहिलवान दंड थोपटतो तेव्हा तो काठीवर थाप मारत नसतो. परिभाषा घडवणाऱ्यांना इथे काठी अभिप्रेत होती, पण शेजारीच ‘भुजा’ हा शब्द असल्यामुळे वाचकाच्या मनात हात आधी येतो.

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ साली दीर्घिकांची आकारावरून जी वर्गवारी मांडली, तीत सर्पिल दीर्घिकांच्या दोन शाखा आहेत: एकीत भुजा मधल्या फुगीर गाभ्यापासूनच निघतात, तर दुसरीत गाभ्यातून आरपार ताऱ्यांचा एक सरळ पट्टा गेलेला असतो आणि भुजा त्याच्या दोन टोकांपासून वळतात. एनजीसी १३०० या दीर्घिकेच्या छायाचित्रात हे फार स्पष्ट दिसते. तिचा पट्टा तराजूच्या दांडीसारखा आडवा आहे आणि भुजा त्याच्या टोकांशी जवळजवळ काटकोनात वळल्या आहेत. हा पट्टा म्हणजे दंड. शब्द रुळलेला असल्यामुळे तो टाकावा असे मला वाटत नाही, परंतु ‘मध्यदंडयुक्त’ असे लिहिले तर एका उपसर्गात घोटाळा मिटतो, कारण हात कुणाच्या मध्यभागी नसतो. भुजांना ‘बाहू’ किंवा ‘हात’ म्हटले तरी चालेल. त्यांना ‘दंड’ मात्र म्हणू नये.

‘लंबगोल’विषयी माझे मत प्रतिकूल आहे. बोलण्यात तो चालतो, पण त्यातला ‘गोल’ घन वस्तूकडे बोट दाखवतो, आणि या प्रकारच्या दीर्घिकांची हबल यांनी केलेली प्रतवारी वस्तूच्या खऱ्या घडणीची नसून आकाशाच्या पटावर दिसणाऱ्या आकृतीची आहे. त्या आकृतीचा लहान अक्ष मोठ्या अक्षाच्या निम्मा भरला तर प्रत ई ५, दोन्ही सारखे भरले तर ई ०. सर्वांत चपटी ती ई ७. अंडे आडवे धरले तर लांबट दिसते, टोक डोळ्यांसमोर धरले तर वाटोळे. म्हणजे ई ० म्हणून नोंदलेली दीर्घिका प्रत्यक्षात बरीच लांबट असूनही केवळ आपल्या दिशेने टोक करून असू शकते. आकृतीचे नाव हवे असेल तर ‘लंबवर्तुळ’ हाच नेमका शब्द आहे, कितीही लांबलचक वाटला तरी.

जाता जाता: अमरकोशात ‘दीर्घिका’ हा वापीचा, म्हणजे विहिरीसारख्या जलाशयाचा पर्याय आहे आणि त्या शब्दातच लांबी दडलेली आहे. तेव्हा ‘वर्तुळाकार दिसणारी दीर्घिका’ हा प्रयोग व्युत्पत्ती काटेकोर धरणाऱ्याला खटकेल. पण आकाशगंगेच्या शेजारच्या, अनियमित आकाराच्या मॅजेलनच्या मेघांनाही आपण बिनदिक्कत दीर्घिकाच म्हणतो.