टिप्परसाठी सोनं गहाण ठेवावं का?

प्रश्न : गोव्यात डिचोलीतल्या लोहखनिजाच्या खाणी पुन्हा सुरू होताहेत. 2012च्या खाणबंदीत आमचा ट्रक दारात गंजला, शेवटी भंगारात दिला. आता मुलगा खनिज वाहायला जुना टिप्पर, म्हणजे माल उलटवणारा ट्रक, घ्यायचं म्हणतो. त्यासाठी बायकोचं सोनं गहाण ठेवावं लागेल. येतं वर्ष खाणीला कसं जाईल?
– एक वाचक, साखळी

उत्तर : सोनं कपाटातच राहू द्या. कारण सांगतो.

माझी नोकरी बँकेत ट्रकांची कर्जं बघण्यात गेली. ऑक्टोबरात हसत येणारा माणूस ऑगस्टात रस्ता बदलून जायचा. पावसाळ्यात खाणकाम थांबतं, नदीतून खनिज नेणारी बार्जही नांगरून पडतात, पण हप्त्याला पावसाळा नसतो. म्हणून आठ महिन्यांच्या भाड्यातून बारा हप्ते, विमा, टायर आणि घरखर्च निघतो का, हा हिशेब मुलाला कागदावर मांडायला लावा. डिझेल तो हमखास कमी धरेल!

आता भावाचं. माल डिचोलीचा असला तरी दर चीनमधल्या पोलाद कारखान्यांच्या मागणीवर ठरतो. आपल्या मालात लोह कमी, बहुतेक 58 टक्क्यांच्या खालचं. जास्त लोहाचा उंची माल महागला की आपल्याला गिऱ्हाईक. त्यात आता आफ्रिकेत गिनीतल्या सिमांदू खाणींचा 65 टक्क्यांच्या आसपासचा माल बाजारात उतरू लागलाय. शिवाय दिल्ली. मे 2022मध्ये केंद्राने आपल्या हलक्या मालावरही 50 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि नोव्हेंबरात काढलं. तेवढ्यात कितीजणांचे हप्ते थकले असतील!

कोर्टाचं तुम्हाला मी काय सांगणार? 2012मध्ये बंदी. 2014मध्ये ती उठली, पण वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून. त्याआधी तेजीत गोव्यातून 5 कोटी टनांच्या घरात माल जायचा. मग फेब्रुवारी 2018मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज (भाडेपट्टे) रद्द केली. आताच्या खाणी लिलावातून, टप्प्याटप्प्याने सुरू होताहेत. यंदा माल वाढेल, असं मलाही वाटतं. पण जुन्या तेजीच्या मापाने ट्रक घेतले तर खेपा वाटून घ्याव्या लागतील, आणि नव्या माणसाचा नंबर शेवटी लागतो.

मुलाला हौस असेल तर एक हंगाम दुसऱ्याच्या टिप्परवर ड्रायव्हर म्हणून जाऊ दे. दिवसाला खेपा किती मिळतात, बार्ज भरायच्या जेटीवर (धक्क्यावर) किती तास रांग लागते, बिलाचे पैसे किती दिवसांनी हातात येतात, सगळं वहीत लिहू दे. आकडे जमले तर पुढच्या वर्षी ती वही घेऊन बँकेत जा आणि हप्ते ऑक्टोबर ते मे एवढेच बांधून मागा. मॅनेजर कुरकुरेल. तरी मागा.