कपिल पाटील आमदार म्हणून शिक्षणाच्या कोणत्या प्रश्नांवर लढले?

विचारलंत ते बरं झालं. मूळचे पत्रकार, 'आज दिनांक' या सांजदैनिकाचे संपादक. 2006, 2012 आणि 2018 असे सलग तीनदा मुंबई शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. 2024 मध्ये कार्यकाळ संपला. या मतदारसंघात मतदार फक्त शिक्षक असतात, त्यामुळे पगार-पेन्शनचे प्रश्न आधी येणारच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जुन्या पेन्शनचा. 31 ऑक्टोबर 2005 ला रुजू झालेल्याला जुनं, हमीचं निवृत्तिवेतन, आणि दुसऱ्याच दिवशी रुजू झालेल्याला ते नाही! एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या दोघांत एवढी दरी का, हा साधा प्रश्न होता. मुंबईतल्या शिक्षकांचे पगार राष्ट्रीयीकृत बँकेतून जिल्हा सहकारी बँकेत नेण्याचा निर्णय 2017 मध्ये झाला, तेव्हाही त्यांनी आणि त्यांच्या शिक्षक भारती संघटनेने त्याविरुद्ध चिवटपणे लढा दिला. विनाअनुदानित शाळांना अनुदान हवं, कमी पटाच्या शाळा बंद करू नयेत, हेही आग्रह होतेच. यातला शेवटचा मुद्दा थेट मुलांचा आहे: गावातली शाळा मिटली की लांबच्या शाळेत चालत जावं लागतं, आणि त्यात मुलींचं शिक्षणच आधी थांबतं.